आनुवंशिक कोड

१७ ऑक्टोबर १९६८, गुरुवार

आज तासाला बेडकाचं रक्ताभिसरण घ्यायचं होतं, ते राहिलं. सकाळी पेपर उघडला आणि चहा तसाच गार झाला. खुराणांना नोबेल! बरोबर आणखी दोघे आहेत, पण आपल्या दृष्टीनं खुराणाच. जनुकांची भाषा वाचली म्हणून बक्षीस. प्राणिशास्त्रातली खरी गंमत आता इथे आहे असं मी गेली तीन वर्षं स्टाफरूममध्ये कंठशोष करून सांगतोय, आणि सगळे म्हणायचे, "नेर्लेकर, आधी झुरळं पुरवून वापरा." आज तेच लोक हात मिळवून गेले, जणू बक्षीस मलाच मिळालंय.

घरी येऊन सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, "जनुक म्हणजे नेमकं काय हो? आईकडून येतं की बापाकडून?" लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या विषयातला हा तिचा पहिला प्रश्न. म्हटलं, दोघांकडून, निम्मं निम्मं. नोबेलचा परिणाम आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला म्हणायचा.

२९ ऑक्टोबर

दिवाळी संपली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या पेठेतल्या व्याख्यानमालेचे चिटणीस. वकिलाकडे कारकून आहेत, पण आवाज न्यायाधीशाचा. जानेवारीत खुराणांच्या शोधावर बोलायचं आणि निव्वळ मराठीत बोलायचं, असा हुकूम झाला. "बायाबापड्यांना कळलं पायजे मास्तर, न्हायतर चकल्या खाऊन झोपत्यात."

विषयाचं नाव काय द्यावं यावर संध्याकाळ गेली. पुस्तकी शब्द 'संकेत', पण संकेत म्हटलं की मला रंकाळ्याच्या काठावर कुणाची तरी वाट बघणारा तरुणच दिसतो. 'खूण' फार छोटी, 'सांकेतिक लिपी' फार लांब. शेवटी सरळ 'कोड' ठेवला. तारखात्यातला शब्द आहे, सगळ्यांना ठाऊक. मोठ्यानं वाचून दाखवलं, "आनुवंशिक कोड."

सरोजिनी कणीक मळत होती. तिचा हात थांबला. "दुसरा शब्द नाही का मिळत?"

म्हटलं, चांगला सुटसुटीत आहे की. तिची भाषेची आवड जुनी आहे, तिला इंग्रजी शब्द खटकतात. कपड्यांतही अलीकडे जुन्या वळणावर गेली आहे. दिवाळीची नवी पोलकी मनगटापर्यंत बाह्यांची शिवून घेतली. मी चिडवलं, "पुढच्या दिवाळीला नऊवारी का?" तर हसलीही नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज मजा आली. जनुकांची लिपी चारच अक्षरांची आणि प्रत्येक शब्द तीन अक्षरी, हे बायाबापड्यांना सांगायचं कसं? सुचलं ते असं: क, म, ल, न ही चार अक्षरं घ्या. कमल होतं, कलम होतं, कनक होतं, नमन, मनन, मलम, आणि नकलसुद्धा! अक्षरं चारच, पण ती कुठल्या क्रमानं बसतात त्यावर सगळं. एक अक्षर हललं की कमलचं कलम. मी इतका खूश झालो की सरोजिनीला हाक मारली.

तिनं ऐकलं आणि विचारलं, "मग सगळ्या अंगात हे सारखंच लिहिलेलं असतं?"

सारखंच. इथेच तर खरी मेख आहे. डोळ्याच्या पेशीत जे लिहिलंय तेच टाचेच्या पेशीत, तरी टाचेला पापण्या फुटत नाहीत. मी तिला आरत्यांच्या वहीचं उदाहरण दिलं. घरोघरी वही एकच, सगळ्या आरत्या तीत असतात, पण गणपतीत गणपतीची म्हणायची, नवरात्रात देवीची. बाकीची पानं मिटलेली. तसं प्रत्येक पेशीत अख्खी वही असते. कुठलं पान कधी उघडायचं याचाही बंदोबस्त असतो, आणि तो कसा असतो हे शोधायला आता कुठे सुरुवात झालीय.

"आणि एखाद्या जागी आरती म्हणायचीच थांबली तर? वही तर असतेच ना तिथं?"

हा प्रश्न माझ्या बी.एस्सी.च्या एका पोरानं कधी विचारला नाही. म्हटलं, दहापैकी नऊ मार्क! ती उठून आत गेली.

२४ नोव्हेंबर

पुण्याच्या मित्रानं हिमालयन जातीचा ससा दिला. कॉलेजात ठेवायला जागा नाही, म्हणून मागच्या पडवीत पिंजरा. अंग पांढरंशुभ्र, कान, नाक आणि पाय मात्र काळे. काळ्या रंगाचं जनुक त्याच्या सगळ्या अंगात आहे, पण ते थंडीतच कामाला लागतं. कान-नाक गार असतात म्हणून तिथं काळं. पाठीवरचा केसांचा एक चौकोन भादरायचा, त्यावर बर्फाची पिशवी बांधायची, तर तिथं नवे केस काळे यायला हवेत. व्याख्यानात हाच ससा टेबलावर ठेवला की काम फत्ते.

सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ आणतो मी, पिशवी बदलते सरोजिनी. तिला कोण ओढ लागलीय. तासतास पिंजऱ्यापाशी बसते. दुपारी मात्र गच्चीत उन्हात. वैद्यांकडून कसलंसं काळपट तेल आणलंय, सांधे दुखतात म्हणाली. बत्तिसाव्या वर्षी सांधे! काल तिच्या कोपराशी मोठा पाण्याचा फोड दिसला. "तळणीचं तेल उडालं," म्हणाली आणि बाही ओढून घेतली. तळण काय होतं ते काही आठवत नाही.

८ डिसेंबर, रविवार

सरोजिनीला दिवस गेलेत. सहा वर्षांनी! डॉक्टरीणबाईंनी नक्की सांगितलं. मी तिथल्या तिथे कंदी पेढे आणायला निघालो, तर ती रडायला लागली. आनंदानंच, दुसरं कशानं?

मी म्हटलं, मुलाला तुझा रंग आणि माझं डोकं मिळो, उलट झालं तर पंचाईत. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "रंग माझा नको." ती गोरी आहे, मी सावळा. लोक याच्या उलट मागतात. गर्भारपणात बायकांना काय काय सुचतं.

वैद्यांनी तेल बंद करायला सांगितलं. सांधे बरे झाले असावेत.

२२ डिसेंबर

काळे! सशाच्या पाठीवर काळे केस! पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन, पण लख्ख काळा. मी पडवीतून ओरडलो. सरोजिनी आली, खाली बसली आणि त्या केसांवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे रंग गेला म्हणजे मुळातलं काही गेलं असं नाही."

"सशाच्या बाबतीत नाही."

"आणि माणसाच्या?"

म्हटलं, माणसाला बर्फ बांधून उपयोग नाही, गंमत वेगळी आणि शास्त्र वेगळं. जरा जास्तच तुटकपणे बोललो बहुधा. मला फोटो काढायची घाई होती.

५ जानेवारी १९६९

चौकात व्याख्यानाचा फळा लागला. अण्णांनी पेंटरला सांगून हातभर अक्षरं काढून घेतलीत. 'आनुवंशिक कोड. प्रा. अंबादास नेर्लेकर. शंकासमाधान होईल. स्त्रियांची बसण्याची वेगळी सोय.' मुद्दाम दोनदा तिथून गेलो.

सरोजिनीनं विचारलं, "फळा बघितलात? लोक काय समजतील?"

म्हटलं, समजावायला तर मी आहे!

१२ जानेवारी, रविवार

काल रात्री लिहिणं शक्य नव्हतं. आता लिहितो.

शाळेचा हॉल खचाखच भरला होता. बाहेर पायऱ्यांवर माणसं. हुपरीहून आणि इचलकरंजीहून एस.टी. करून आलेली मंडळी. बायकांची बाजू पुरुषांपेक्षा भरलेली, आणि कितीतरी जणींचे पदर कपाळाच्या खाली. कोल्हापूरला जनुकांची एवढी जिज्ञासा! माझी छाती फुगली. सुरुवातीचं वाक्य मी पाठ केलं होतं, ते खणखणीत म्हटलं: "बंधुभगिनींनो, इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात कोड आहे. माझ्याही अंगात आहे. जन्मापासून आहे आणि मरेपर्यंत राहणार."

मग मागून एकजण म्हणाला, "कुठं हाय मास्तर? तुमच्या अंगावर तर काय दिसत न्हाय की!"

कुणीही हसलं नाही. आणि बायकांतून एक बारीक आवाज आला, "समद्यास्नी हाय म्हंता, तर मग आमालाच का दिसतंय?"

कोड! अंगावर पांढरं फुटतं ते कोड! तीन महिने हा शब्द मी घोळवतोय, आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी मराठी माणूस आहे की कोण? ही सगळी माणसं आनुवंशिक कोडावर उपाय सांगणारा कुणी भेटेल म्हणून आली होती. तिसऱ्या रांगेत सरोजिनी मान खाली घालून बसली होती. माझी फजिती तिला बघवेना, असं वाटलं.

माफी मागून खाली बसावं असं मनात आलं. पण त्या बाईचा प्रश्न डोक्यातून जाईना. सगळ्यांजवळ आहे तर आम्हालाच का दिसतं? मी हाच विषय बोलायला आलो होतो! टिपण खिशात घातलं आणि आरत्यांची वही सांगितली, ससा दाखवला. म्हटलं, कातडीला रंग देणारं काम काही जागी थांबतं, ते का थांबतं हे आज जगात कुणालाही नक्की ठाऊक नाही. पण हा कुष्ठरोग नव्हे, शिवल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही. एवढं मात्र ठाऊक आहे.

"पोरास्नी येतंय का?" हा प्रश्न चार बाजूंनी आला. मी म्हटलं, काही घरांत दिसतं, काहींत नाही, सरळ हिशेब बसत नाही. त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. अण्णा मात्र बेहद्द खूश. मालेच्या इतिहासात एवढी गर्दी झाली नव्हती म्हणे.

१५ जानेवारी

काल संक्रांत. शेजारच्या बाळाबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, सरोजिनी मळमळतंय म्हणून गेली नाही. सबंध दिवसात मला तरी मळमळताना दिसली नाही.

आज संध्याकाळी हुपरीजवळचे एक शेतकरी आले, गणपतराव नाव. बरोबर पत्नी, चिमणाबाई, हात पदराखाली. बसल्यावर तिनं ते बाहेर काढले. दोन्ही मनगटांपर्यंत पांढरे. धाकटी मुलगी शालू, तिचं लग्न शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला असलेल्या मुलाशी ठरलंय. सुपारी फुटली आणि मग मुलाच्या बापाच्या, आकारामच्या, कानावर आईचं कोड गेलं. तो म्हणतो, कोल्हापुरात ज्या मास्तरांचा फळा लागलाय ते सांगतील तसं करू.

"पोरीच्या अंगावर तिळाएवढा डाग न्हाय," गणपतराव म्हणाले. "तिला, न्हायतर तिच्या पोरास्नी, हुईल का? व्हय का न्हाय, त्येवढं सांगा की."

व्हय का न्हाय! शास्त्रात असं सांगता येत नाही. मी म्हटलं, "शक्यता नाकारता येत नाही."

त्यांनी दोनदा तेच म्हणायला लावलं. मग टोपी मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. चिमणाबाईंनी हात पदराखाली घेतले. सरोजिनी चहा घेऊन दारात उभी होती. चहा न पिताच दोघं गेली.

१६ जानेवारी

सरोजिनी जेवली नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "खोटं सांगा असं नाही म्हणत मी. पण खरं तेवढंच होतं का?"

मला राग आला. मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, गोड बोलून फसवलं नाही. ती म्हणाली, "शक्यता नाकारता येत नाही, हे तुमच्या माझ्याबद्दलही म्हणता येईल. ते कुणी म्हणालं का? ती बाई उठून गेली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितलंत?"

नव्हतं बघितलं. मी शब्द नीट जुळवण्यात होतो.

दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात जे मिळालं ते पुन्हा वाचलं. अशा आईबापांच्या बहुतेक मुलांना हे होत नाही. बहुतेक! हे मला आधीही ठाऊक होतं, आणि तेच नेमकं मी बोललो नाही. अण्णांकरवी आकारामला निरोप धाडला की एकदा येऊन जा.

१९ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. माझी बाजू सावरायचा मोह होईल, तो आवरतो.

सकाळी आकाराम आला. उंच, दणकट, बोलणं फटकळ. मी सगळं सांगितलं: बहुतेकांना होत नाही, झालं तरी जिवाला धोका नाही, शिवल्यानं लागत नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शास्त्र ठेवा बाजूला मास्तर. तुमच्या घरात तुमी करून घेतली असती का असली सोयरीक?"

"घेतली असती," मी म्हटलं. लगेच म्हटलं. त्यात मला काही अवघड वाटलंच नाही.

तेवढ्यात सरोजिनी चहा घेऊन आली. तिनं बाह्या कोपराच्या वर दुमडल्या होत्या. डाव्या कोपरापासून खाली पांढरा पट्टा, मनगटाशी आणखी एक डाग, नव्या नाण्याएवढा. तिनं पहिला कप माझ्यापुढे धरला.

आणि माझा हात थांबला.

किती वेळ, ते मोजलं नाही. फार नाही. पण थांबला. लांब बाह्यांची पोलकी, कोडावर लावायचं ते तेल, त्यावर ऊन घेऊन आलेला फोड, रंग माझा नको, सगळं एकदम कळलं, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्याच्या आधी मनात आलं ते पोटातलं मूल. मग मी कप घेतला. चहा प्यालो. तोंड भाजलं.

आकारामनं दुसरा कप घेतला नाही. तो माझ्याकडे बघत होता. "मास्तर, तुमी थांबलासा. मी बगितलं. एवढी पुस्तकं वाचलेला मानूस घरच्या लक्ष्मीच्या हातचा कप घ्यायला थांबतोय, तर मी अडाण्यानं का थांबू नये?"

लाजेनं मान वर होईना. बोलली ती सरोजिनी. कप तसाच पुढे धरून, शांतपणे म्हणाली, "थांबले. पण घेतला की नाही? तुम्हीही थांबा मामा. पाहिजे तेवढं थांबा. मी उभी आहे."

तो थांबला. ती खरंच उभीच होती. कपातली वाफ कमी झाली. मग त्यानं कप घेतला, बशीत ओतला आणि एका दमात संपवला. "शालू पोरगी गुणाची हाय," तो म्हणाला. "गणपतरावास्नी मी सांगतो. चैत्रात लग्नाचा बार उडवू." जाताना दाराशी वळून सरोजिनीला वाकून नमस्कार केला. मला केला नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तीन महिने रोज विचारत होते. तुम्ही मार्क देत होतात."

मग, हात थांबला तेव्हा काय मनात आलं ते मी तिला सांगून टाकलं. वाटलं चिडेल. ती माझ्याशेजारी बसली. "माझ्याही मनात तेच येतं," म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. मला एकटीला ते फार जड झालं होतं."

२२ जानेवारी

बाळाबाईंचं आज पुन्हा बोलावणं आलं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. सरोजिनीनं आखूड बाह्यांचं जुनं पोलकं काढलं. मी म्हटलं, दारापर्यंत येऊ का? "तुम्ही कशाला? बायकांचं असतं ते." गेली.

मी खिडकीशी पेपर घेऊन बसलो. एकही ओळ वाचली नाही. खुराणांनी चारी अक्षरं वाचली असतील, मला शेजारच्या घरात काय चाललंय ते कळेना.

दिवेलागणीला आली. कपाळावर कुंकू होतं, ओंजळीत तिळगूळ. मी काही विचारायच्या आतच पाटावर बसली.

"बाळाबाईंनी हळदीकुंकू लावलं. मग अत्तराची कुपी घेतली, आणि माझ्या मनगटाशी त्यांचं बोट थांबलं."

"मग?"

"मग काय, मी हात मागे घेतला नाही. सगळ्या बघत होत्या. मी हात पुढे धरून उभी राहिले."

"आणि त्या?"

तिनं मनगट माझ्या नाकाशी आणलं. हिना.